मुलांना घेऊन मुंबईत बाहेर पडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणारे पाच जणांचे कुटुंब, मुलगी आठ वर्षांची, धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा आणि सोबत सत्तरीतल्या सासूबाई. महिन्यातून एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जायचे ठरते आणि तो दिवस बहुतेक वेळा रडारडीत, हॉटेलातल्या धुसफुशीत आणि परतीच्या गाडीतल्या अबोल्यात संपतो. धाकटा बाहेर काही खात नाही, घाटात ओकतो, आणि मुले लाडावली आहेत असे नातेवाईक ऐकवतात. वळण लावण्यात आपण कमी पडतो आहोत का, की मुले मोठी होईपर्यंत हे सगळे थांबवावे, असे आपण विचारले आहे.

मी दादरला बरीच वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि माझी स्वतःची दोन मुले याच शहरातल्या लोकलमधून, हॉटेलांतून आणि बागांतून हिंडत वाढली आहेत. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगते, की आपल्या वर्णनात वळणाचा प्रश्न मला फारसा दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन-अडीच तासांनी भूक लागते, दुपारी झोप येते, लघवीची जाणीव त्याला ऐन वेळी होते आणि रांगेत उभे राहण्याची त्याची शक्ती दहा-पंधरा मिनिटांत संपते. बेत आखताना आपण ठिकाण ठरवतो, तिथे काय काय पाहायचे ते ठरवतो आणि परत येण्याचा विचार मात्र ‘येऊ की निवांत’ या एका वाक्यात उरकतो. माझ्या पाहण्यातली बहुतेक भांडणे सहलीच्या शेवटच्या दीड तासात होतात, कारण तोपर्यंत लहान मूल आणि आजी दोघेही थकलेले असतात आणि नेमका तेव्हाच सगळ्यांत कठीण प्रवास सुरू होतो. म्हणून बेत परतीपासून उलटा मांडावा. धाकट्याला दुपारी किती वाजता घरी, किंवा निदान बसायला जागा असलेल्या गाडीत, पोहोचवायचे ते आधी ठरवावे आणि उरलेल्या वेळात जे बसेल तेवढेच पाहावे.

रविवारी मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना मेगाब्लॉकची, म्हणजे देखभालीसाठी काही तास मार्ग बंद ठेवण्याची, वेगळी ओळख करून द्यायला नको. मुख्य मार्गावरचा ब्लॉक बहुतेक रविवारी साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो. माटुंगा ते मुलुंड असा ब्लॉक असला की धिम्या गाड्या जलद मार्गावरून वळवल्या जातात. त्या मुलुंडला थांबतात हे खरे असले तरी उशिरा येतात आणि भरून येतात. शनिवारी रात्री ब्लॉकची घोषणा पाहणे हा आपल्या बेताचा पहिला भाग असायला हवा. सकाळी आठच्या आत ठाण्याहून सुटणारी धिमी गाडी पकडली तर मुलुंडला आजींना बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते. परतीला, समजा, भायखळ्याहून निघायचे असेल तर तिथे मुलुंडकडची गाडी पकडण्याऐवजी उलटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन, तिथूनच सुटणाऱ्या ठाणे लोकलमध्ये बसून यावे. त्यासाठी तिकीट टर्मिनसपर्यंतचे काढावे एवढेच. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा या वयात अर्धे तिकीट लागते, म्हणजे या जास्तीच्या फेरीचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि त्या बदल्यात धाकट्याला मांडीवर पाऊण तास झोप मिळते.

डब्यांबद्दलही आधी ठरवून ठेवावे. आजी आणि एक मूल महिलांच्या डब्यात, वडील दुसऱ्या मुलासह सर्वसाधारण डब्यात अशी विभागणी सोयीची असते, पण मग उतरायचे स्थानक आणि भेटायची जागा सगळ्यांना ठाऊक हवी. गर्दीत कोणी फलाटावर राहिले तर राहिलेल्याने तिथेच थांबायचे आणि पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून मागे यायचे, हा नियम आठ वर्षांच्या मुलीकडून घरीच दोनदा वदवून घ्यावा. धाकट्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आईचा फोन नंबर लिहिणे हा उपाय दिसायला गबाळा असला तरी मी तो सर्वांना सांगते. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन क्रमांकही लक्षात असू द्यावेत.

आता ठिकाणांबद्दल माझी मते सांगते. ती मतेच आहेत, पण मुलांबरोबर जाऊन झालेली आहेत. आपल्यासाठी पहिली निवड भायखळ्याच्या राणीच्या बागेची, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाची. ती बुधवारी बंद असते. रविवारी गर्दी असतेच, पण सकाळी उघडताक्षणी पोहोचले तर पहिला दीड तास चांगला मिळतो. हम्बोल्ट जातीचे पेंग्विन तिथे २०१७ पासून पाहायला मिळतात आणि त्या दालनाबाहेरची रांगच दिवसभर सगळ्यांत लांब असते, म्हणून आधी पेंग्विन आणि मग बाकीचे. आत थंड असते, त्यामुळे घामाघूम मुलाला थेट आत नेण्यापूर्वी त्याचा घाम पुसावा. मुलांना काय आवडेल याचा आपला अंदाज नेहमी चुकतो. माझ्या मुलांना वाघापेक्षा पाणघोड्यासमोर उभे राहणे अधिक प्रिय होते, आणि धाकटा पिंजऱ्यासमोरच्या खारीकडे बघत राहिला तर त्याला बघू द्यावे. तिकिटाचे पैसे वाघ पाहूनच वसूल होतात असे नाही. आजींना सावलीतल्या बाकावर बसवून त्यांच्याकडे पाण्याची बाटली आणि पिशवी सोपवली की त्यांचीही सोय होते. बारा वाजता मात्र बाहेर पडावे. ‘आलोच आहोत तर’ असे म्हणत शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच दिवशी उरकू नये. १८७२ मध्ये उघडलेली ती वास्तू आणि तिच्यातल्या जुन्या मुंबईच्या छोट्या प्रतिकृती आपल्या मुलीला फार आवडतील, पण तिच्या धाकट्या भावाला सोबत न घेता.

हा मुद्दा जरा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण आपल्या प्रश्नात मुलीबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. धाकटा रडतो म्हणून तो दिसतो, थोरली गप्प बसते म्हणून तिचे सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो. आठ वर्षांचे मूल प्रश्न विचारायच्या वयात असते आणि त्याला दर वीस मिनिटांनी लहान भावासाठी थांबावे लागते. कौटुंबिक सहल म्हणजे दर वेळी पाचही जणांनी जायलाच हवे असा काही नियम नाही. वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद असते, पण एरवी तिथे मराठीतूनही कार्यक्रम होतो, आणि १९८५ मध्ये सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र तिथून जवळच आहे. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून सायन्स सेंटर हे स्थानकही झाले आहे, त्यामुळे दादरला उतरून पश्चिमेला थोडे चालले की पुढचा प्रवास गारव्यात होतो. लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे पुढेमागे आजींनाही तो मार्ग सोयीचा पडेल. अंधारात पाऊण तास गप्प बसणे साडेतीन वर्षांच्या मुलाला जमत नाही. अशा दिवशी एका पालकाने फक्त मुलीला न्यावे. आई म्हणून माझ्या चांगल्या आठवणी विचारल्या तर त्यांतल्या बऱ्याचशा एकाच मुलाबरोबर घालवलेल्या दुपारच्या आहेत, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

घारापुरीला इतक्यात जाऊ नये असे मला वाटते. लेणी जागतिक वारसा यादीत १९८७ पासून आहेत आणि ती पाहायलाच हवीत, पण गेटवेवरून तासाभराचा बोटीचा प्रवास, धक्क्यावरून पायथ्यापर्यंत चाल किंवा छोटी गाडी, मग सुमारे १२० पायऱ्या, वर ऊन आणि हातातला खाऊ हिसकावणारी माकडे हे सगळे एका दिवसात आजींच्या गुडघ्यांना आणि धाकट्याला झेपणारे नाही. सोमवारी लेणी बंद असतात. जेव्हा जाल तेव्हा बोटीत पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि लहान मुलाच्या मापाचे आहे का ते पाहावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला झालेल्या अपघातानंतर त्याबाबत संकोच करण्याचे कारण उरलेले नाही. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते.

समुद्रकिनारा मुलांना सगळ्यांत प्रिय आणि पालकांना सगळ्यांत स्वस्त पडतो. संध्याकाळी पाचनंतर जावे, वाळूत खेळू द्यावे आणि भरतीची वेळ पाहून जावे, इतकेच पुरे. पावसाळ्यात मात्र जुहू आणि गिरगाव चौपाटीवर निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात आणि मुले ते खेळणे समजून उचलतात. दंश झाला तर ती जागा चोळू नये, चिकटलेले धागे कापडाने किंवा कार्डाने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावे. श्वास लागला किंवा अंगभर पित्त उठले तर तडक रुग्णालय गाठावे.

जेवणाकडे वळते, कारण आपली खरी कुरबुर तिथेच आहे. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाला नकार देणे हे वाढीतले सामान्य लक्षण आहे. तोच पदार्थ घरी शांतपणे, सक्ती न करता दहा-पंधरा वेळा समोर आला की मूल तो हळूहळू स्वीकारते. हॉटेलात एका रात्रीत, गोंगाटात आणि भूक उलटून गेल्यावर ते स्वीकारील अशी अपेक्षा ठेवली तर प्रसंग बिघडणारच. रविवारी रात्री साडेआठला नाव लिहून फुटपाथवर चाळीस मिनिटे ताटकळणे आणि मग पनीरची भाजी येईपर्यंत आणखी वीस मिनिटे थांबणे हे मोठ्यांनाही जड जाते. म्हणून लहान मुले असताना बाहेरचे जेवण रात्रीऐवजी सकाळी करावे. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत रविवारी सकाळी आठच्या आत गेले तर इडली पाच मिनिटांत पुढ्यात येते, ती मऊ असते, तिखट नसते आणि धाकट्याला हाताने खाता येते. नऊनंतर तिथेही रस्त्यावर रांग लागते. दादरच्या ‘प्रकाश’ या उपाहारगृहातला साबुदाणावडा आणि पियूष हाही मुलांना रुचणारा बेत आहे, फक्त वडा फोडून आतली वाफ जाऊ द्यावी.

टेबलावर बसताच मुलांचे सांगून टाकावे आणि ते आधी आणायला वेटरला स्पष्ट बजावावे. मोठ्यांचे मागून आले तरी चालते. अमर्यादित थाळी आणि बुफे यांबद्दल माझे मत चांगले नाही. पूर्ण पैसे भरल्यामुळे मुलाने पोट फुटेपर्यंत खावे असा दबाव नकळत तयार होतो आणि आजी तर ‘पैसे वाया’ म्हणत त्याचेही ताट संपवतात. मोबाइलबद्दल आपण विचारले नाही, पण विचाराल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला तासाभराहून अधिक नको. रांगेत ताटकळताना दहा मिनिटे चित्रे दाखवली तर मी रागावणार नाही. घास भरवताना मात्र फोन बाजूला असावा, कारण त्या वेळी मुलाला पोट भरल्याचेही कळत नाही.

बाहेरचे काय चालेल याबाबत लोकांचा समज बरेचदा उलटा असतो. कढईतून समोर काढलेला गरम बटाटेवडा तुलनेने सुरक्षित असतो; धोका हिरव्या चटणीत, कापून ठेवलेल्या कांद्यात, पाणीपुरीच्या पाण्यात आणि रसातल्या बर्फात असतो. म्हणून वडापाव चटणीशिवाय, उसाचा रस बर्फाशिवाय, आणि पावसाळ्याचे चार महिने पाणीपुरी व गोळा बंद, एवढी शिस्त मी माझ्या घरात पाळली. विषमज्वर आणि हिपॅटायटिस-ए यांच्या लसी झाल्या आहेत का हे मुलांच्या लसीकरण पुस्तिकेत पाहून घ्यावे. घरून नेण्यासाठी गूळ-तुपाची पोळी, ठेपले, दशम्या आणि केळी यांना तोड नाही, आणि मूल बाहेर काही खात नाही ही चिंता निम्मी तिथेच मिटते. शेंगदाणे, फुटाणे आणि पॉपकॉर्न मात्र चार वर्षांखालच्या मुलाला, विशेषतः हलत्या गाडीत, देऊ नयेत. धक्क्याबरोबर दाणा श्वासनलिकेत गेलेली मुले आम्ही दवाखान्यात पाहतो. आपल्या डब्यातला चिवडा आजींसाठी आणि मुलीसाठी ठेवावा.

घाटातली ओकारी. प्रवासातली मळमळ साधारण दोन ते बारा या वयात अधिक आढळते, त्यामुळे तिचा लाडाशी काही संबंध नाही. निघण्यापूर्वी पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही नसावे. तास-दीड तास आधी सुकी पोळी किंवा इडली द्यावी, दूध आणि तेलकट पदार्थ टाळावेत. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी, पुस्तक आणि मोबाइल घाट संपेपर्यंत बंद. औषध हवे असेल तर वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, दुकानातून परस्पर आणू नये. मुलाला पुढचे दिसावे म्हणून काही पालक त्याला पुढच्या सीटवर मांडीवर घेतात, ते मात्र अत्यंत धोकादायक आहे, कारण एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा मुलालाच बसतो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर मागच्या सीटवर मुलाची वेगळी सीट बसवावी. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालसीटने न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा घाटातली वळणे अधिक बोलकी आहेत.

मुक्कामाची पहिली सहल करायची असेल तर मला माथेरान आवडते. तिथे खासगी वाहने दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात, त्यामुळे रस्त्यावर मुलाचा हात सतत घट्ट धरून ठेवावा लागत नाही, आणि हा सुटकेचा अनुभव मुंबईच्या पालकांनाच कळेल. नेरळपर्यंत लोकल, पुढे टॅक्सीने छोटा घाट, मग अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी, असा प्रवास तुकड्यातुकड्याने होतो आणि धाकट्याच्या पोटाला मध्ये विश्रांती मिळते. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर कोरड्या उन्हाळ्यात तिथली लाल धूळ आणि घोड्यांची लीद यांचा त्रास होतो, तेव्हा पंप खिशात ठेवावा. मे महिन्यातली लांब सहल, म्हणजे बहुधा कोकण, काढायची असेल तर रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्ध्या तिकिटात स्वतंत्र बर्थ मिळत नाही, त्यासाठी पूर्ण भाडे लागते. रात्रीच्या प्रवासात आपल्या मुलीसाठी ते पूर्ण भाडे भरावे. आठ वर्षांच्या मुलीबरोबर एका बर्थवर झोपलेली आई सकाळी कोणाशीही गोड बोलू शकत नाही. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ या वयातल्या ज्येष्ठांना निम्मे भाडे असते, तेव्हा आजींचे आधार कार्ड पिशवीत असू द्यावे.

ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पाकिटेही त्याच पिशवीत ठेवावीत. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकून दिलेले द्रावण उपयोगाचे नसते. गोड पेयांच्या खोक्यांवर ते नाव छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, म्हणून औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचेच पाकीट मागावे. ओकारी झाल्यावर दहा मिनिटे काही देऊ नये आणि नंतर चमच्याचमच्याने द्यावे. आदल्या चोवीस तासांत ताप किंवा जुलाब झाले असतील तर आरक्षणाचे पैसे गेले तरी निघू नये. आणि सहलीहून परतल्यावर जुलाब लागून मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त दिसले, किंवा ते पाणीही न घेता सुस्त पडून राहिले, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नये. त्याच रात्री जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जावे.